पात्यावरच्या लाटा कुठून आल्या?

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याने तुम्ही कधी गेला असाल, तर भोसरी, मोशी, चाकण ही नावे तुमच्या ओळखीची असतील. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने दिसतात आणि नव्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रक वळणावर सगळी वाहतूक अडवून धरतात. याच पट्ट्यातल्या एखाद्या गावाच्या कडेला पाल ठोकून बसलेले घिसाड्याचे कुटुंबही तुम्ही पाहिले असेल. जमिनीत खळगा करून पेटवलेला कोळसा, शेजारी पुरलेली छोटीशी ऐरण. पुरुष सांडशीत लालभडक पाते धरून फिरवतो आहे आणि त्याची बायको उभी राहून त्यावर घण घालते आहे. बाजूला तयार कोयते, विळे, खुरपी मांडून ठेवलेली.

त्यातला एखादा कोयता उचलून पाहा. पुष्कळदा तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून बनवलेला असतो. ज्या पोलादाने वर्षानुवर्षे मालाचे ओझे पेलले, तेच आता ऊस तोडायला निघाले!

आता समजा, कोणी तुमच्या हाती एक निराळीच सुरी ठेवली. तिच्या पात्यावर पाण्यावर उठावेत तसे तरंग आहेत. एक रेघ चकचकीत, शेजारची काळपट. तुम्ही म्हणाल, हे रंगकाम असेल. पण नाही. पाते पॉलिश कागदाने घासले तर लाटा जवळजवळ दिसेनाशा होतात, आणि तेच पाते आम्लधर्मी द्रावात काही मिनिटे बुडवले की जागच्या जागी पुन्हा उमटतात. म्हणजे त्या पात्याच्या अंगातच आहेत. त्या तिथे गेल्या कशा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला पोलादाचे बरेचसे शास्त्र कळून जाईल.

चिमूटभर कार्बन

शुद्ध लोखंड मऊ असते. त्याची सुरी केली तर ती भाजी चिरताना वाकेल. लोखंडात थोडा कार्बन मिसळला की त्याचे पोलाद होते. हा कार्बन किती थोडा असतो पाहा. खिडकीच्या गजाच्या १०० ग्रॅम पोलादात तो सुमारे पाव ग्रॅम असतो, ट्रकच्या कमानपाट्यात अर्ध्या ग्रॅमहून थोडा अधिक, बेअरिंगच्या कडीत सुमारे १ ग्रॅम आणि चांगल्या कानशीत त्याहूनही किंचित जास्त. तो सुमारे २ ग्रॅमच्या पुढे गेला की बिडाचे लोखंड होते. ते हातोड्याने घडवताच येत नाही, फुटून जाते.

पात्याकडून आपल्या दोन मागण्या असतात. धार टिकावी म्हणून ते कठीण हवे आणि आपटले तरी तुटू नये म्हणून चिवट हवे. गंमत अशी, की या दोन गुणांचे सहसा पटत नाही. काच कठीण असते पण ठिसूळ. तांब्याची तार चिवट असते पण मऊ. चांगला लोहार या दोघांत तडजोड घडवून आणतो. ऊसतोडणी करणाऱ्याचा कोयता भर फडात तुटला, तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. कधी उडालेला तुकडा डोळ्यावर येतो. तेव्हा ही तडजोड साधणे ही काही हौसेची गोष्ट नव्हे.

डोळा हाच तापमापक

समजा, तुम्ही एखाद्या लोहाराकडे शिकायला बसलात. पहिले काही आठवडे तो तुम्हाला सुरी करू देणार नाही. तो खिळे, आकडे, कड्या करायला लावेल. हातोडा सपाट पडतो की त्याची कड लागते, हे आधी हाताला कळावे लागते. दुसरे शिक्षण डोळ्यांचे. तापणारे पोलाद साधारण ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला काळपट लाल दिसते, ८०० च्या आसपास ठसठशीत लाल, १००० ला नारिंगी आणि १२०० ला पिवळे. त्याहून फार तापवले तर ते पांढरे पडून त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात. पोलाद अक्षरशः जळू लागलेले असते. असा तुकडा पुन्हा कामाचा राहत नाही. लोहाराचे काम सावलीत का चालते, हे आता तुमच्या ध्यानात येईल. भर उन्हात हे रंग ओळखताच येत नाहीत.

दोन पोलादांचे एक

लाटांच्या सुरीसाठी दोन जातींचे पोलाद घेतात. एकात मँगेनीज थोडे अधिक असते. दुसरे बहुधा करवतीच्या पात्याचे असते. त्यात सुमारे २ टक्के निकेल असते. त्यांच्या पट्ट्या घासून लख्ख करतात आणि पहिल्या जातीच्या ४ व दुसऱ्या जातीच्या ३ अशा एकाआड एक ७ पट्ट्यांची चळत रचतात. चळत सुटू नये म्हणून कडांना टाके मारतात आणि धरायला एक लांब गज जोडतात.

आता ही चळत एकजीव करायची, आणि तीही न वितळवता! हे शक्य आहे का? धातूचे दोन अगदी स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांच्या पुरेसे जवळ आणले, तर अलीकडच्या आणि पलीकडच्या अणूंना आपण वेगळ्या तुकड्यांतले आहोत हे ‘कळण्याचे’ काही कारणच उरत नाही. ते एकमेकांना धरून ठेवतात. अडचण दोन गोष्टींची असते. एक म्हणजे पृष्ठभाग कितीही घासला तरी खडबडीत असतो. दुसरी म्हणजे तापलेल्या लोखंडावर हवेतील प्राणवायूमुळे ऑक्साइडची पापडी धरते.

पहिली अडचण उष्णता आणि हातोडा दूर करतात. पोलाद मऊ होऊन एकमेकांच्या खळग्यांत बसते. दुसरीवर उपाय असतो सोनाराच्याही ओळखीचा टाकणखार. चळत लाल झाली की लोहार तिच्या कडांवर टाकणखार भुरभुरतो. तो सुमारे ७४० अंशांना वितळतो, फटींत शिरतो आणि ऑक्साइडला विरघळवून त्याचा पातळ, काचेसारखा रस करतो. चळत पिवळी झाली, म्हणजे साधारण ११५० ते १२५० अंशांवर पोचली, की ती ऐरणीवर येते. शिकाऊ माणसाची इथेच चूक होते. त्याला वाटते, जोरात हाणले म्हणजे पक्के बसेल. खरे तर पहिले घाव हलके आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाणारे हवेत, म्हणजे टाकणखाराचा रस घाण घेऊन बाहेर पडतो. उलट, सर्व बाजूंनी घाई केली तर तो आतच कोंडला जातो आणि तिथे सांधा धरत नाही. बाहेरून सारे ठीक दिसते. पण आतली ही फट पुढे पाते घासताना, किंवा त्याहून वाईट म्हणजे वापरताना, उघडी पडते.

घड्यांचे गणित

जोडलेली चळत ठोकून लांब करतात, मध्ये छिन्नीने कापून तिची घडी घालतात आणि पुन्हा तसेच तापवून जोडतात. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. म्हणजे ७ चे १४, मग २८, ५६, ११२ आणि पाचव्या घडीला २२४.

पण थांबा. आपल्या चळतीत सर्वांत वरची आणि सर्वांत खालची पट्टी एकाच जातीची आहे. घडी घातली की त्याच दोन बाजू एकमेकींना भिडतात आणि त्यांचा मिळून एकच जाड थर होतो. म्हणून डोळ्यांना दिसणारे थर १४ नव्हे, १३ असतील. पुढे २५, ४९, ९७ आणि पाचव्या घडीनंतर १९३. प्रत्येक वेळी आधीच्या संख्येची दुप्पट करायची आणि १ वजा करायचा. १९३ थरांचा हा ठोकळा २५ मिलिमीटर जाड असेल, तर एकेक थर सरासरी ०.१३ मिलिमीटरचा झाला. तोच ठोकून ४ मिलिमीटर जाडीचे पाते केले की थराची जाडी ०.०२ मिलिमीटर उरते.

मग लाटा कशा येतात? थर सपाट राहिले तर पात्याच्या अंगावर फारसे काही दिसणार नाही. पण ठोकळा तापवून दोरासारखा पिळला, किंवा त्याच्या अंगावर आडव्या खाचा पाडून पुन्हा सपाट केला, तर आतले थर वाकतात आणि घासताना ते तिरके कापले जातात. कांदा आडवा कापला की चकत्या दिसतात आणि उभा कापला की पाकळ्या, तसेच हे. पिळाने फुलांसारखी, तर खाचांनी शिडीसारखी नक्षी उमटते.

शेवटी पाते फेरिक क्लोराइडच्या द्रावात बुडवतात. हाच द्राव इलेक्ट्रॉनिक मंडलाच्या पाट्यांवरील तांबे खाऊन टाकण्यासाठी वापरतात. मँगेनीजचे पोलाद त्यात अधिक गंजून काळपट पडते. निकेलचे पोलाद दाद देत नाही आणि चकाकत राहते.

एक चुकीची समजूत

पुष्कळ ठिकाणी असे सांगतात, की काळ्या रेघा जास्त कार्बनच्या कठीण पोलादाच्या आणि पांढऱ्या रेघा मऊ लोखंडाच्या. म्हणून असे पाते कठीणही असते आणि चिवटही. ऐकायला हे पटते, पण ते खरे नाही. कार्बनचा अणू लहान असतो. पिवळ्याधमक पोलादात तो लोखंडाच्या अणूंमधल्या जागांतून वाट काढत १० मिनिटांत मिलिमीटरचा दशांश भाग सहज ओलांडतो. आपले थर तेवढ्याच जाडीचे आहेत. म्हणजे चार-पाच वेळा तापवून होईतो सर्व थरांत कार्बन सारखाच पसरलेला असतो. एका जातीत १ टक्का आणि दुसऱ्या जातीत ०.२ टक्के कार्बन असलेल्या पट्ट्या सारख्या प्रमाणात घेतल्या, तर शेवटी सर्वत्र ०.६ टक्क्याच्या आसपास उरेल. निकेल आणि मँगेनीज यांचे अणू मात्र मोठे. ते हजारो पटींनी हळू सरकतात आणि आपापल्या थरात राहतात. नक्षी दिसते ती त्यांच्यामुळे.

प्राचीन काळी युरोपात थर जोडून तलवारी करत, त्याचे कारण वेगळे होते. तेव्हा चांगले पोलाद दुर्मीळ होते आणि एका तुकड्यातही ते सगळीकडे सारखे नसे. घड्या घालून ते सारखे करून घेणे भाग होते. आज कारखान्यात तयार झालेल्या एकसंध पोलादाची साधी सुरीही तितकीच उत्तम कापते. लाटांच्या सुरीत अधिक असते ते सौंदर्य आणि करणाऱ्याचे कसब.

मुंबईहून गेलेले पोलाद

या पात्यांना बाजारात ‘दमास्कस’ म्हणतात. पण त्या नावाने गाजलेल्या जुन्या तलवारींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यावरचे तरंग घड्यांचे नव्हते. दक्षिण भारतात आणि आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावी मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कार्बन देणारा पालापाचोळा वा लाकूड तापवून, सुमारे दीड टक्का कार्बनचे पोलाद वितळवून करत. त्याला युरोपीय लोक ‘वूट्झ’ म्हणू लागले. कन्नडमधील ‘उक्कु’ या शब्दाचा तो अपभ्रंश असल्याचे मानतात. १७९४ साली मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. पुढे १८१९ च्या सुमारास मायकेल फॅरडे यांनीही वूट्झवर प्रयोग केले. विजेच्या शोधांमुळे आपल्याला ठाऊक असलेले हे फॅरडे एका लोहाराचे चिरंजीव होते!

वूट्झच्या नक्षीचे कोडे मात्र बराच काळ सुटले नाही. १९९८ साली व्हरहोव्हेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार यांनी मिळून दाखवून दिले, की पोलादातील व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अगदी सूक्ष्म अंश कार्बाइडच्या कणांना रांगेत उभे करतो. थर जोडण्याची दुसरी कला अमेरिकेत विल्यम मोरन यांनी १९७३ मध्ये सुऱ्यांवर करून दाखवली आणि तिचे पुनरुज्जीवन झाले.

‘पाणी देणे’ म्हणजे काय?

सुरेख नक्षीचे पातेही अजून मऊच आहे. त्याला ‘पाणी’ द्यायचे राहिले आहे. पाते तापवताना मधूनमधून लोहचुंबक लावून पाहतात. सुमारे ७७० अंशांना लोखंड लोहचुंबकाला दाद देईनासे होते. त्याच्या थोडे वर नेऊन पाते झटकन तेलात बुडवतात. म्हणायचे पाणी, पण कमानपाट्याच्या पोलादाला पाण्यात बुडवले तर ते चटकन तडकते. तेलात ते थोडे सावकाश निवते.

आत काय घडते? गर्दीची एस. टी. गाडी डोळ्यांपुढे आणा. तापलेल्या लोखंडात अणूंची रचना बदलते आणि कार्बनच्या प्रवाशांना आत जागा मिळते. सावकाश निवू दिले तर रचना पूर्ववत होताना प्रवासी उतरून बाजूला जमतात. पोलाद मऊ राहते. पण एकदम निववले तर त्यांना उतरायला वेळच मिळत नाही. ते आत चेंगरून अडकतात आणि सगळी रचना ताणली जाते. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती अतिशय कठीण असते आणि ठिसूळही.

म्हणून पाते पुन्हा हलके तापवून ताण थोडा उतरवतात. घासलेल्या पोलादावर या वेळी रंग चढतात: २२० अंशांच्या आसपास गवती पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात, तसेच हे रंग ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे दिसतात. सुरीला पिवळा रंग पुरे. घाव सोसणाऱ्या कोयत्याला निळ्याच्या जवळ न्यावे लागते.

कारखान्यातही तेच

तुम्ही म्हणाल, मोटारींच्या जमान्यात ऐरणीचे काय काम? १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्ज या कंपनीचा मूळ कारखाना पुण्याजवळ मुंढव्याला आहे. पुढे तिने चाकणलाही कारखाना उभारला. ही कंपनी इंजिनाचे क्रँकशाफ्ट घडवते. नारिंगी-पिवळा पोलादी दांडा साच्यात ठेवून प्रचंड यंत्राने दाबतात. एखादा क्रँकशाफ्ट नमुना म्हणून उभा कापून, चकचकीत करून आम्लात बुडवला की काय दिसते? लाटा! पोलादातील बारीक अशुद्धी ठोकताना लांबट होऊन दांड्याच्या वळणावळणाने वाहिलेल्या दिसतात. या रेषा आकाराला धरून वळल्या असतील, तर दांडा मजबूत. त्या मध्येच तुटल्या असतील, तर खंबाटकी घाट चढणाऱ्या ट्रकचा दांडा तिथेच मोडण्याचा धोका असतो. भेगा शोधायला कारखान्यात दांड्याला चुंबकत्व देऊन त्यावर लोहकण पसरतात. ते भेगेपाशी गोळा होतात. पात्यावर टिचकी मारून लोहार आवाज ऐकतो. खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत कुठेतरी सांधा सुटलेला. दोघेही न दिसणारी फटच शोधत असतात.

सावधगिरी

भट्टीचे काम जाणत्या माणसाशेजारी उभे राहूनच शिकायचे असते. डोळ्यांवर चष्मा हवा. नायलॉनचे कपडे अंगाला वितळून चिकटतात. सुती कपडे घालावेत. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा भट्टीत घातला तर विषारी धूर निघतो. आणि काळे दिसणारे लोखंड गार असतेच असे नाही. ४०० अंशांचे लोखंडही काळेच दिसते. आणखी एक गोष्ट. घर, शेती, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगाची हत्यारे सोडता, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते बाळगायला शस्त्रकायद्याप्रमाणे परवाना लागतो.

करून पाहा

१. कणकेचे दोन गोळे घ्या. एकात हळद घाला. त्यांच्या एकाआड एक ७ पोळ्या रचा. दोनदा घडी घालून दाबा आणि सुरीने कापून थर मोजा. १३ आणि मग २५ येतात का? उरलेला गोळा पिळून तिरका कापा आणि नक्षी वहीत काढा.

२. हा प्रयोग शिक्षकांसमोर, प्रयोगशाळेत, चष्मा लावूनच करा. शिवणाच्या तीन सुया चिमट्यात धरून लाल करा. पहिली ज्योतीतून अगदी सावकाश बाहेर काढा. दुसरी आणि तिसरी लगेच पाण्यात बुडवा. तिसरी पॉलिश कागदाने घासून ज्योतीच्या वर धरा आणि निळी होताच बाजूला घ्या. आता जाड फडक्यात गुंडाळून तिन्ही वाकवून पाहा. एक वाकेल आणि वाकलेलीच राहील, एक काडकन मोडेल, एक वाकून पुन्हा सरळ होईल. कोणती कोणती, हे आधीच वहीत लिहून ठेवा.

३. चळतीत पट्ट्या ७ ऐवजी ८ घेतल्या, तर वरची आणि खालची पट्टी निराळ्या जातीची असेल. मग पाच घड्यांनंतर किती थर दिसतील? घडी घालताना कोणत्या बाजू एकमेकींना भिडतात, याचा नीट विचार करा. उत्तर वाटते तितके सरळ नाही.